कोल्हापूर प्रकरण आणि बातमीतली तटस्थता

१७ जुलै १८८२ रोजी मुंबईत बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांना चार महिन्यांची कैद झाली, ती कोल्हापूरच्या बातमीमुळे. दोघंही पंचविशीच्या आसपासचे. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. करवीरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते, ऐन तरुण वयाचे. त्यांचं डोकं ठिकाणावर नाही असं गोरे अधिकारी आणि दरबारचे कारभारी सांगत होते. महाराजांना मुद्दाम छळून वेडं ठरवलं जातंय, अशी कुजबुज कोल्हापुरापासून पुण्यापर्यंत चालली होती. अशात कारभारी रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे यांची म्हणून काही पत्रं पुण्यात येऊन पोचली. ती खरी मानली तर बर्व्यांचा महाराजांविरुद्ध कट होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं त्या आधारावर बर्व्यांवर तोफ डागली. बर्वे कोर्टात गेले आणि पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली तरी शिक्षा टळली नाही. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघं २६ ऑक्टोबरला बाहेर आले, तेव्हा लोकांनी त्यांचं वाजतगाजत स्वागत केलं.

गोष्ट इथं संपत नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, चौथे शिवाजी महाराज अहमदनगरला नजरकैदेत असताना गेले. पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यानंतर त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे महाराजांच्या जिवाची जी काळजी ‘केसरी’नं केली होती, ती अगदीच हवेतली नव्हती.

मग टिळक-आगरकरांचं चुकलं काय? एक उत्तर असं की संपादकांनी बाजू घेतली, तिथंच चुकलं. पत्रकारानं मधे उभं राहावं, दोन्हीकडचं सांगावं आणि गप्प बसावं. दुसरं उत्तर असं की बाजू घेण्यात काही गैर नव्हतं, संशयालाही जागा होती. चूक एवढीच झाली की हातात आलेला कागद खरा की खोटा हे छापण्याआधी पाहिलं नाही. मला दुसरं उत्तर पटतं. पत्रकारितेत तटस्थता हवी की नको, यावर जगभर जो वाद चालू आहे तो नीट समजायचा तर या दोन उत्तरांमधला फरक आधी मनात पक्का करावा लागतो. मधोमध उभं राहणं ही एक गोष्ट आणि खरंखोटं करून घेणं ही दुसरी. आपण दोन्ही एकाच पिशवीत घालतो आणि मग वाद कुठंच पोचत नाही.

ही अपेक्षा आली कुठून

बातमीदारानं स्वतःचं मत घरी ठेवून यावं, ही अपेक्षा तशी फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पेपर हे उघडउघड पक्षांचे असत. १८४६ मध्ये न्यूयॉर्कच्या काही पेपरांनी एकत्र येऊन असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था काढली. एकच बातमी वेगवेगळ्या मतांच्या पेपरांना पुरवायची, म्हणजे ती कोणालाच खटकणार नाही अशी कोरडी लिहावी लागते. त्या सवयीचा पुढे किती परिणाम झाला यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, पण धंद्याची शिस्त म्हणून वस्तुनिष्ठतेचा आग्रह पक्का झाला तो पहिल्या महायुद्धानंतर. युद्धात सगळ्याच सरकारांनी पेपरांतून इतका प्रचार केला होता की छापलेल्या शब्दावरचा विश्वास उडाला होता.

आपल्याकडचा रस्ता निराळा. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं ते लोकांना शहाणं करण्यासाठी. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधू’ सुरू केलं ते सत्यशोधक विचारासाठी. ‘केसरी’त टिळकांशी पटेना म्हणून आगरकर बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढलं. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्रासाठीच जन्माला आला. मराठीत पेपर निघायचा तो काहीतरी ठामपणे म्हणायचं असायचं म्हणून. त्यामुळे ‘पत्रकारानं मत ठेवू नये’ हे वाक्य मराठी वाचकाला तत्त्व म्हणून मान्य असतं, पण ज्या संपादकांची आपण जयंती-पुण्यतिथी करतो त्यांतला एकही त्या वाक्यात बसत नाही. ही आपल्या परंपरेची लाज नव्हे. ती ओळख आहे, आणि वादात उतरताना ती विसरून चालणार नाही.

१९२० सालच्या दोन गोष्टी

एकाच वर्षी, एकमेकांपासून हजारो मैलांवर, दोन जणांनी जवळपास एकाच दुखण्यावर बोट ठेवलं.

पहिली गोष्ट न्यूयॉर्कची. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या अमेरिकन पत्रकारांनी ऑगस्ट १९२० मध्ये एक पाहणी छापली. रशियातल्या क्रांतीबद्दल ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं तीन वर्षांत काय काय छापलं, ते त्यांनी एकेक अंक काढून तपासलं. क्रांतीनं आलेली बोल्शेविक (कम्युनिस्ट) सत्ता कोसळली किंवा आता कोसळणारच, असं त्या पेपरानं ९१ वेळा छापलं होतं. सत्ता कोसळली नव्हती. कोणी लाच घेतली होती असं लिपमन-मर्झ म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की बातमीदार आणि संपादक यांना जे व्हावंसं वाटत होतं, तेच त्यांना दिसत गेलं. ते भलत्या सूत्रांवर विसंबले आणि आपल्याच आशेला बातमी समजले.

यावर लिपमन यांनी सुचवलेला उपाय आजही नीट वाचला जात नाही. ‘ज्याला मतच नाही असा बातमीदार आणा’ असं ते म्हणत नव्हते, कारण असा माणूस नसतोच. शास्त्रज्ञालाही मत असतं, आपला अंदाज खरा ठरावा असं त्यालाही मनातून वाटत असतं. पण त्याची पद्धत अशी असते की अंदाज चुकला तर ते उघडं पडतं. पुरावा कुठून आणला ते त्याला सांगावं लागतं, आणि दुसरा कोणीही तो पुन्हा तपासू शकतो. बातमीलाही अशीच शिस्त हवी, असं त्यांचं मागणं. वस्तुनिष्ठ असायची ती पद्धत. माणूस वस्तुनिष्ठ नसतो, म्हणूनच तर पद्धत लागते.

दुसरी गोष्ट आपल्या मातीतली. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली, आणि त्याच मार्चमध्ये कागल संस्थानात माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. ‘मूकनायक’ निघतंय अशी जाहिरात पैसे घेऊन छापायलाही ‘केसरी’नं नकार दिला होता. पहिल्याच अंकात आंबेडकरांनी लिहिलं त्याचा आशय असा : मुंबई इलाख्यातली बरीचशी वृत्तपत्रं विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात, इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नसते.

या वाक्यात तटस्थतेवरचा सगळ्यात खोल आक्षेप आहे. बातमी लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी एक निर्णय झालेला असतो : बातमी कशाला म्हणायचं. गावविहिरीवर पाणी नाकारलं, ही गोष्ट घडली आणि कुठंच छापून आली नाही, तर त्या दिवशीचा पेपर वाक्यावाक्याला निर्दोष असेल, पण तटस्थ नसेल. ज्यानं पान लावलं त्याला ती घटना घटनाच वाटली नाही. कोल्हापूरकरांना हे वेदोक्त प्रकरणात, म्हणजे शाहू महाराजांना वैदिक मंत्रांनी विधी करण्याचा अधिकार आहे की नाही या वादात, आधीच अनुभवायला मिळालं होतं. शाहू महाराजांच्या विरोधात ‘केसरी’नं भूमिका घेतली तेव्हा ती लिहिणाऱ्यांना पक्षपाती वाटत नव्हती, परंपरेला धरून वाटत होती. मध्यभाग कुठला हे जो ठरवतो, त्याला आपण मध्यातच उभे आहोत असं वाटणं साहजिक आहे.

‘मूकनायक’नं बाजू लपवली नाही. पण दुसऱ्या कोणी न मोजलेलं त्यानं मोजायला घेतलं, न पाहिलेलं छापलं. बाजू असलेल्या पत्रामुळे समाजाला स्वतःबद्दलची माहिती जास्त मिळाली.

‘दोन्ही बाजू’ छापल्या की झालं?

आता रोजच्या बातमीकडे येऊ. आपल्या भागातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण उसाच्या बिलाचं. हंगाम सुरू आहे, शेतकरी संघटनेचे नेते पत्रकार परिषद घेतात आणि सांगतात की अमुक कारखान्यानं एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्यानं ठरलेला किमान दर, थकवली. बातमीदार कारखान्याला फोन लावतो. कार्यकारी संचालक सांगतात, ‘आमची सगळी बिलं वेळेत जमा आहेत.’ दुसऱ्या दिवशी पेपरात दोन्ही म्हणणी शेजारी-शेजारी. वाचक चहा पिता पिता वाचतो, आधीपासून ज्याच्यावर विश्वास आहे त्याचं खरं मानतो आणि पान उलटतो. बातमी तटस्थ झाली. तिच्यातून कळलं मात्र काहीच नाही.

आता हे बघा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा आहे. त्यानुसार ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज लागतं. एफआरपीचा दर केंद्र सरकार जाहीर करतं, तो साखर उताऱ्याशी जोडलेला असतो आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. कोणत्या कारखान्याकडे किती थकलं, याचे आकडे पुण्याच्या साखर आयुक्तालयात गोळा होतात. म्हणजे ‘थकलं की नाही’ हा मताचा प्रश्नच नाही. चार गावांतल्या दहा-बारा शेतकऱ्यांकडे जावं, ऊस गेल्याची तारीख आणि बँकेत पैसे आल्याची तारीख पाहावी, आयुक्तालयाच्या यादीशी ताडावी. मग लिहावं : इतक्यांचे आले, इतक्यांचे नाहीत, आणि इतके दिवस झाले. हे लिहिणारा बातमीदार मनातून संघटनेचा असो वा कारखान्याचा, आकडा तोच राहतो. पद्धतीची वस्तुनिष्ठता म्हणजे हेच, याहून अवघड काही नाही. अवघड आहे ते वेळ काढणं.

कोण काय म्हणालं एवढंच छापून हात झटकण्याला पत्रकारितेच्या अभ्यासकांनी फार पूर्वी पकडलं आहे. गे टकमन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ मध्ये लिहिलं की अवतरणचिन्हं, दोन्ही बाजू, अधिकृत सूत्रं ही बातमीदाराची ढाल असते. उद्या कोणी विचारलंच तर ‘मी म्हणालो नाही, ते म्हणाले’ असं सांगता येतं. (बदनामीच्या कायद्यात ही ढाल वाटते तितकी मजबूत नाही. दुसऱ्याचा खोटा आरोप छापणाराही अडकू शकतो, हे १८८२ मध्ये दिसलंच.) फेब्रुवारी १९५० मध्ये जोसेफ मॅकार्थी हा अमेरिकन सिनेटर सरकारी खात्यात कम्युनिस्ट घुसल्याचं सांगत यादी असल्याचा दावा करत फिरला आणि पेपरांनी त्याचं वाक्य जसंच्या तसं छापलं. वाक्य अचूक होतं. त्यातला दावा मात्र कोणी तपासला नाही, आणि सिनेटनं त्याचा निषेध करायला १९५४ साल उजाडलं. तोवर कित्येकांच्या नोकऱ्या आणि आयुष्यं गेली.

हवामानबदलाच्या बातम्यांत हा दोष आकड्यांत मोजला गेला. मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ या भावांनी २००४ मध्ये चार मोठ्या अमेरिकन पेपरांमधल्या १९८८ ते २००२ या काळातल्या ६३६ बातम्या तपासल्या. निम्म्याहून जास्त बातम्यांत, ‘माणसामुळे तापमान वाढतंय’ आणि ‘नैसर्गिकरीत्याच वाढतंय’ या दोन्ही म्हणण्यांना जवळपास सारखी जागा मिळाली होती. शास्त्रज्ञांत मात्र तशी बरोबरी नव्हती. तराजूची पारडी सारखी ठेवायच्या नादात वाचकाला चुकीचं चित्र मिळालं. त्या अभ्यासाचं म्हणणंच असं होतं की समतोल हाच इथं पक्षपात झाला.

पंचगंगेला पूर आला की राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी आपण दर तासाला बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ फुटांवर. त्या आकड्याला दुसरी बाजू नसते, आणि कोणी मागतही नाही. पण ‘पूर का आला’ हे विचारलं की लगेच दोन बाजू तयार होतात. २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला पुराचं कारण मानलं गेलं नाही; विक्रमी पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांवर भर होता. इथल्या पूरग्रस्तांच्या संघटनांना आणि काही अभियंत्यांना ते मान्य नाही. कर्नाटकाला धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे, म्हणून हा वाद अभ्यासापुरता राहिलेला नाही, तो लाखो लोकांच्या घरादाराचा आहे.

हे उदाहरण एफआरपीपेक्षा कठीण आहे हे मान्य करायला हवं. दहा पासबुकं पाहून इथं निकाल लागत नाही. तरी बातमीदाराला करण्यासारखं खूप असतं. त्या-त्या दिवशी अलमट्टीत पाणी किती येत होतं, किती सोडलं जात होतं, धरणाची पातळी काय होती, त्याच तासांत राजापूर बंधाऱ्यावर, शिरोळला, सांगलीच्या आयर्विन पुलाला काय होतं, हे एका चौकटीत ठेवता येतं. समितीनं कोणती माहिती धरली आणि विरोधकांचा नेमका कशाला आक्षेप आहे, हे सांगता येतं. ज्यानं शिरोळचं पाणी गुडघाभर चालून पाहिलंय त्याला अलमट्टीवर राग असणारच, आणि तो रागही बातमीच आहे. पण तोच राग कारणाच्या जागी छापला, तर पुढच्या पुरात आपल्याला खरं कारण माहीत नसेल. पूररेषेत झालेली बांधकामं तशीच राहतील, कारण सगळ्यांचं बोट धरणाकडे असेल.

जिथं कोणी प्रश्नच विचारत नाही

डॅनियल हॅलिन या अभ्यासकानं १९८६ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या वार्तांकनावर लिहिताना एक सोपी आकृती मांडली. एकात एक तीन वर्तुळं काढा. सगळ्यात आतल्या वर्तुळात ज्यावर समाजाचं एकमत आहे असे विषय. तिथं पत्रकार दुसरी बाजू विचारत नाही, उलट साजरं करतो. मधल्या वर्तुळात ज्यावर वाद चालतो असे विषय. तटस्थता, दोन्ही बाजू, समतोल हे सगळं फक्त इथं पाळलं जातं. बाहेरच्या वर्तुळात ज्यांना समाज ऐकूनच घेत नाही अशी मतं. त्यांना पेपरात जागा नसते, किंवा हेटाळणीपुरती असते. हॅलिनचा मुद्दा असा की कुठला विषय कोणत्या वर्तुळात, हे पत्रकार ठरवतो असं नाही. तो ज्या समाजात राहतो तो समाज आधीच ठरवून बसलेला असतो.

कोल्हापुरात हे पाहायला लांब जावं लागत नाही. उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथं व्हावं ही सहा जिल्ह्यांची काही दशकांची मागणी होती, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंचचं काम सुरू झालं. इतक्या वर्षांत इथल्या कोणत्या पेपरानं ‘खंडपीठ हवं की नको’ अशी दोन बाजूंची चर्चा घेतली असती का? प्रश्न ‘कधी’ एवढाच होता. मला त्यात गैर वाटत नाही. पक्षकाराला तारखेसाठी रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागणं हा अन्यायच होता. पण ते आतलं वर्तुळ होतं, हे ओळखून असावं. सीमेपलीकडे बेळगावात १ नोव्हेंबर हा कन्नड वाचकाच्या पेपरात राज्योत्सव असतो आणि मराठी वाचकाच्या पेपरात काळा दिवस. दोन्हीकडच्या उपसंपादकाला आपला मथळा साधा, सरळ वाटतो.

शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठाच्या महादेवी हत्तिणीच्या वेळी मला हे सगळ्यात जास्त जाणवलं. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश आला, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला आणि हत्तीण जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी-केंद्रात गेली. शिरोळ तालुका रडला, हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही. नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूक पदयात्रा निघाली, हजारो माणसं चालली. ते दुःख खरं होतं आणि ते तसंच लिहिलं जायला हवं होतं. पण आदेश का झाला, तिच्या पायांबद्दल आणि सांध्यांबद्दल तपासणीत काय नोंदवलं होतं, मठाचं त्यावर काय उत्तर होतं, हे त्या आठवड्यात इथं विचारणं म्हणजे गावाशी वैर घेण्यासारखं होतं. बातमीदारही याच गावचा, त्याची मुलंही याच शाळेत. अशा वेळी ‘तटस्थ राहा’ हा सल्ला पोकळ आहे. त्याला सांगायचं असेल तर एवढंच सांगता येतं की बाबा, रडायचं तर रड, पण निकालाची प्रत वाच आणि त्यातलं काय ते आम्हाला सांग. हत्तिणीवर माया असलेल्या माणसाला तर ते कळायला सगळ्यात आधी हवं.

तटस्थतेच्या बाजूनं

दुसऱ्या बाजूच्या लोकांचं म्हणणंही वजनदार आहे. त्यांना वाटतं की एकदा ‘सगळेच पक्षपाती असतात’ असं म्हटलं की उरलासुरला संकोचही जाईल. प्रत्येक चॅनेल आपापल्या पक्षाचा भोंगा होईल आणि त्यालाच भूमिका म्हणेल. रोज रात्री नऊ वाजता टीव्ही लावला की ही भीती खोटी नाही हे दिसतं.

अमेरिकेत २०२० मध्ये हाच वाद पेटला. वेस्ली लोअरी या कृष्णवर्णीय पत्रकारानं लिहिलं की ज्याला आपण वस्तुनिष्ठता म्हणतो ती गोऱ्या संपादकांच्या आणि गोऱ्या वाचकांच्या नजरेतून ठरलेली आहे. त्याचा आधीचा संपादक मार्टिन बॅरन यानं पुढे वस्तुनिष्ठतेची जोरदार बाजू मांडली : न्यायाधीश, डॉक्टर यांच्याकडून आपण ती मागतो, मग पत्रकाराकडून का नको? दोघांचं भांडण वाचताना मला एक गोष्ट ठळक दिसते. ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये असताना, पोलिसांच्या गोळीनं दरवर्षी किती लोक मरतात याची नोंद सरकारकडेच धड नाही, हे लोअरी आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं आणि २०१५ पासून त्यांनी एकेक मृत्यू मोजायला घेतला. त्या कामाला पुलित्झर पारितोषिक मिळालं. वस्तुनिष्ठतेवर टीका करणाऱ्या माणसाचं सगळ्यात मोठं काम हे मोजणीचं आहे, पद्धतीचं आहे. आणि ते छापणारा संपादक होता बॅरन.

काही जागी मात्र शब्दांची तटस्थता हवीच, आणि तिथं मी जुन्या मताचा आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापूर शहरात तणाव झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद पडलं. अशा दिवशी मथळ्यातला एक विशेषणाचा शब्द कोणाच्या तरी दुकानाची काच फोडू शकतो. कोण कुठल्या समाजाचा हे सांगण्याआधी ते सांगणं गरजेचं आहे का हे विचारणं, ‘समजतं’ आणि ‘चर्चा आहे’ यांवर काही न छापणं, जखमींचा आकडा दवाखान्यातून पक्का करणं ही शिस्त जुन्या जाणत्या उपसंपादकांनी पाळली, म्हणून कित्येक रात्री शांत गेल्या आहेत. मतदानाच्या दिवसाची, निकालाच्या आकड्यांची बातमीही अशीच. तिथं आपलं मत मधे आणायचं काम नाही.

पण तटस्थतेला खरा धोका पत्रकाराच्या मतांपासून फार थोडा आहे. तो आहे पैशाच्या बाजूनं. तालुक्याचा वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर बातमी देतो, आणि नेत्याच्या वाढदिवसाच्या किंवा कारखान्याच्या मोळीपूजनाच्या पुरवणीसाठी जाहिरातीही त्यालाच गोळा कराव्या लागतात. सकाळी ज्याच्याकडे जाहिरात मागायची, दुपारी त्याच्याच एफआरपीची शहानिशा कशी करणार? त्याच्या मनात कुठलंच मत नसलं तरी ती बातमी वाकलेलीच येईल. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापल्याचं प्रकरण महाराष्ट्रातही मोठं गाजलं. प्रेस कौन्सिलनं त्यावर परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांचा ७१ पानांचा अहवाल २०१० मध्ये तयार झाला आणि पेपरांची नावं असलेला तो अहवाल पुरता लोकांसमोर यायला पुढचं वर्ष उजाडलं, तेही माहिती आयोगाच्या आदेशानंतर. दुसऱ्यांची गुपितं फोडणाऱ्या धंद्यानं स्वतःच्या बाबतीत असं वागावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

वाचकानं काय बघावं

बिंदू चौकात किंवा तालमीच्या कट्ट्यावर पेपर वाचताना ‘हा पेपर कोणाचा’ हे आपण चटकन सांगतो. ते माहीत असावं, पण तेवढ्यानं बातमी खरी की खोटी हे कळत नाही. आपल्या बाजूच्या पेपरातही खोटं छापून येतं, विरुद्ध बाजूच्या पेपरातही खरं असतं. त्यापेक्षा बातमीतला दावा कोणी केला आणि त्याला ते कसं माहीत, हे दिसतं का ते पाहावं. ‘सूत्रांनी सांगितले’ असेल तर सूत्राचं नाव लपवण्याचं कारण पटण्यासारखं आहे का? एखादा कागद, निकाल, आकडा उल्लेखलाय का, आणि हवा तर तो आपल्याला मिळवता येईल का? बातमीदार जागेवर गेला होता, की प्रेसनोट जशीच्या तशी उतरवली आहे? ज्याच्यावर आरोप आहे त्याला उत्तर द्यायला पुरेसा वेळ दिला होता, की रात्री दहाला एक फोन लावून ‘संपर्क होऊ शकला नाही’ असं टाकलं? आणि ज्याचं या बातमीत सगळ्यात जास्त नुकसान किंवा भलं होणार आहे, त्याचा आवाज यात आहे का?

चुकीची बातमी छापून आली तर काय करायचं, हेही फार थोड्यांना माहीत असतं. आधी संपादकांना लेखी पत्र लिहायचं, नेमकी चूक दाखवायची आणि दुरुस्ती मागायची. आपल्याजवळचा पुरावा जोडायचा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार करता येते. दैनिक किंवा साप्ताहिकातल्या मजकुराबद्दल ती छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. १९७८ च्या कायद्यानं चालणारी ही संस्था चौकशी करून पेपराला समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते आणि आपला निर्णय छापायला सांगू शकते. दंड किंवा कैद तिच्या हातात नाही, आणि टीव्ही चॅनेल तिच्या कक्षेत येत नाहीत. संपादकांना लिहिलेल्या पत्राची प्रत आणि पोच मात्र जपून ठेवा, तक्रारीला ती जोडावी लागते.